केबिनमधलं बिऱ्हाड

चिमीने टेपचं टोक खिडकीच्या चौकटीला अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं टोक कोपऱ्यापर्यंत ओढलं, आकडा पाहिला आणि लगेच विसरली. ही तिसरी वेळ. कागदावर टिपायला पेन्सिल उचलली की आकडा डोक्यातून गेलेला असायचा.

"टेलरबाई, दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी चालेल हो," मास्तर म्हणाले. "ऊन अडलं म्हणजे झालं. तुम्ही तर नवरदेवाचा कोट बेतावा तसं मोजताय."

ती कशीबशी हसली.

मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या रेल्वेच्या संस्थेत रमले होते. कधीकाळी बंद पडलेली ही छोटी लाइन संस्थेतल्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून, घाम गाळून पुन्हा सुरू केली होती. रविवारी वाफेचं इंजिन चार डबे ओढत पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि शिट्ट्या मारत परत यायचं. फलाट झाला, तिकीटघर झालं. राहिली होती ती फलाटाच्या टोकाची सिग्नल केबिन. वरच्या मजल्यावर काचांची एक लांबट खोली, आणि तिच्यात कंबरेएवढ्या लोखंडी लिव्हरांची रांग. पूर्वी केबिनमन इथे उभा राहून लिव्हर ओढायचा, सिग्नल पाडायचा, रुळांचे सांधे बदलायचा. पुढच्या महिन्यात ही खोली लोकांना खुली होणार होती. संस्थेच्या गार्डांचे कोट चिमीने शिवले होते, म्हणून पडद्यांचं कामही तिच्याकडेच आलं.

"जरा ऐका बरं," मास्तर खिशातून कागद काढत म्हणाले. "पाटीवर लिहायचा इतिहास. मला काय, माझं मलाच गोड वाटतं. कान तिऱ्हाइताचा हवा."

केबिन कुणी बांधली, वीट कुठल्या भट्टीतली, दाट धुक्यात एका केबिनमनने दोन गाड्या कशा थोपवून धरल्या, असं सगळं त्यांनी वर्गात वाचावं तसं ठासून वाचलं. मग चष्मा वर सरकवला.

"'लाइन बंद झाल्यानंतर ही केबिन चाळीसेक वर्षं रिकामी पडून होती. त्या काळात चोरांनी तिचे पाच लिव्हर काढून नेले.' कसं वाटतं?"

"चोरांनी?" चिमीने विचारलं.

"मग काय, लिव्हर पाय फुटून गेले?"

रांगेच्या डाव्या टोकाला पाच लिव्हरांची जागा मोकळी होती. लोखंडी पट्टीतल्या पाच खाचा, तोंड वासून बसल्यासारख्या. चिमी वर आल्यापासून तिकडे पाठ करून उभी होती. आता तिने पाहिलं. तिथे खाट होती. खाटेच्या दोन पायांखाली विटा, कारण त्या बाजूची फळी खचली होती. खाटेवर आई, कपाळावर ओला फडका, आणि बाजूला बाबा काढलेल्या लिव्हरांना वंगण फासताहेत.

"आकडा लिहिलात का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा टेप लावायला वाकली.

*

बाबा याच लाइनवर गँगमन होते, हंगामी. लाइन बंद झाली तेव्हा कायम माणसांना दुसरीकडे पाठवलं आणि हंगामींना घरी. पण घरच रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतं, तेही गेलं. केबिनची किल्ली चुकून की मुद्दाम कोण जाणे, बाबांपाशी राहिली. दुसरी जागा मिळेपर्यंत थोडे दिवस काढू म्हणून त्यांनी बायको, दहा वर्षांचा दादा आणि तीन वर्षांची चिमी यांना घेऊन वर बिऱ्हाड मांडलं. ते थोडे दिवस सात-आठ वर्षं पुरले. पुढे बाबांना एका गिरणीत पहारेकऱ्याची नोकरी आणि मागची खोली मिळाली, तेव्हा ते बाहेर पडले.

चिमीच्या लेखी जगात तेवढं एकच घर होतं. त्यानंतरच्या सगळ्या खोल्या. इथे सकाळ पहिली तिच्या अंथरुणावर यायची. शेतांवरून पळणारी ढगांची सावली केबिनपर्यंत कधी पोचते ते ती नाक काचेला लावून बघायची. लिव्हरांवरच्या पितळी बिल्ल्यांवरून तिला आकडे आले. बाबा कधी तिला मांडीवर घेऊन एखादा लिव्हर ओढायचे आणि दूर बोट दाखवायचे, "पडला बघ सिग्नल." तार कधीच तुटलेली होती, सिग्नलचा हात हलायचा नाही. पण तिला तो पडलेला दिसायचा.

एका थंडीत आईला मोठा ताप आला. जमिनीवर गादी टाकून भागेना. कुणाची तरी जुनी खाट मिळाली, पण ती कुठेच मावेना. तेव्हा बाबांनी टोकाचे पाच लिव्हर काढले. प्रत्येकाला वंगण फासलं, गोणपाटात गुंडाळलं आणि कुंपणापलीकडच्या पाण्याच्या पडक्या टाकीजवळ खड्डा करून पुरलं. गाडी पुन्हा सुरू झाली की जागच्या जागी लावायचे म्हणून. गाडी सुरू होणार याबद्दल बाबांच्या मनात शेवटपर्यंत शंका नव्हती. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र ते नव्हते.

*

दादाचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या मुख्य रस्त्यावर होतं. चिमी आत शिरली तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट बसवून भिंग बदलत होता.

"आता बघा. आधीचं बरं, की हे?"

"सारखंच वाटतंय," गिऱ्हाईक म्हणालं.

"घाई करू नका. पुन्हा बघा."

चिमी स्टुलावर बसली, उठली, काचेच्या कपाटातल्या फ्रेमा बघत उभी राहिली, पुन्हा बसली. दार वाजलं की दादाची मान आपोआप वर व्हायची. ही त्याची लहानपणापासूनची खोड. हातात कितीही नाजूक काम असो, दाराकडे नजर गेल्याशिवाय राहायची नाही. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने भिंगं एकेक करून मऊ कापडाने पुसायला घेतली.

"बोल. मगापासून मुंग्या चावल्यासारखं काय चाललंय?"

तिने सांगितलं. पाटी, रिकामी, चोर. दादा ऐकत होता आणि तेच भिंग पुसत होता.

"नाव घेऊन लिहिलंय का?" त्याने विचारलं.

"नाव कुठलं घेतील? त्यांना काय माहीत?"

"मग चोर कुणाला म्हटलं त्यांनी? कुणालाच नाही. हवेला म्हटलं."

"मला तर बाबांनाच म्हटल्यासारखं वाटतं."

"तुला काहीही वाटतं."

"दादा, ते लिव्हर टाकीजवळ आहेत. मास्तर ते शोधत गावोगाव फिरतायत, भंगारवाल्यांच्या पाया पडतायत. एक शब्द सांगितला की झालं."

"एक शब्द सांगितला की दुसरा विचारतील. कुणी पुरले? तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तिथे काय करत होता?" त्याने भिंग डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण जरा जोरातच लावलं. "त्या संस्थेतली निम्मी माणसं इथून चष्मे नेतात. उद्या येतील आणि म्हणतील, काय हो, तुम्ही म्हणे सिग्नलच्या खोलीत चोरून राहत होता?"

"चोरून काय? राहत होतो."

"परवानगी होती?"

चिमी म्हणाली, "वहिनीला तरी माहीत आहे का?"

"रेल्वेच्या जागेत वाढलो एवढं तिला माहीत आहे. खोटं आहे का ते?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आईला यात ओढू नकोस. तिला त्रास होईल. झाकली मूठ आहे, राहू दे."

आई दादाकडेच राहायची. दुकानामागच्या जिन्याने वर गेलं की उजवीकडची खोली तिची. चिमी वर गेली. आई एक जुना स्वेटर उसवून लोकरीचा गुंडा करत बसली होती.

"हात पुढे कर," आई म्हणाली आणि लोकरीचा पीळ तिच्या दोन्ही मनगटांवर चढवला.

चिमीने हात तसेच धरून केबिनचा विषय काढला. पडदे शिवतेय म्हणाली. काचा नव्या घातल्यात, रंग हिरवा दिलाय, छान दिसतेय.

"गळत नाही ना आता?" आईने विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

आणि आई गुंडा फिरवत राहिली. पुढे बोलेल म्हणून चिमीने बराच वेळ वाट पाहिली. हात भरून आले. आईने सुनेच्या गुडघेदुखीची गोष्ट काढली.

*

पुढचे काही दिवस चिमीचं कामात मन लागलं नाही. हिरव्या कापडाची पट्टी ती उलट बाजूने शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. मशिनवर बसली की पाय चालायचा नाही, आणि उठली की मशिनकडे परत यावंसं वाटायचं. भांडं घासताना, रस्त्याने जाताना ती मनातल्या मनात मास्तरांशी बोलत असायची. कधी शांतपणे, कधी भांडून. एकदा भाजीवाल्यासमोर ती मोठ्याने "रिकामी नव्हती" असं म्हणून गेली. भाजीवाला म्हणाला, "बाई, पिशवी तुमचीच आहे, भरायची की नाही ते तुम्ही ठरवा."

शेवटी पडदे झाले. त्या सकाळी गठ्ठा घेऊन निघताना तिने ठरवलं होतं, आधी सांगायचं, मग पडदे लावायचे. दादा रागावेल तर रागावेल. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी दोघंही होते, आणि बाबांनी शेवटी विचारलेली गोष्ट गाडीचीच होती.

जिन्यावरच मास्तरांची हाक आली. "टेलरबाई, धावत या! आज तुमच्या हातून पडदेच काय, पेढेसुद्धा घेईन मी!"

ती वर आली. रांग पूर्ण होती. डाव्या टोकाचे पाच लिव्हर आपापल्या खाचेत उभे होते. बाकीच्यांसारखा रंग अजून दिला नव्हता. काळपट, तेलकट, पण गंज जवळजवळ नाही.

"काल एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले," मास्तर सांगत होते. "म्हणाले, मजुराकडून कुंपणाच्या भिंतीसाठी खणून घेत होतो, त्यात सापडले. नाव विचारलं तर म्हणाले, नावात काय आहे. चहासुद्धा घेतला नाही. फक्त वर येऊन पाच मिनिटं उभे राहिले. मी म्हटलं बसा, तर बसले नाहीत. सारखे चष्मा पुसत होते."

"कसे होते दिसायला?"

"चांगले होते. तुमच्या-आमच्यासारखे." मास्तर लिव्हरवर थोपटत म्हणाले, "आणि वंगण बघा केवढं! चोर म्हणावं तर चोराने एवढी माया केली नसती. मी आजच पाटीतली ती ओळ काढायला सांगितली."

चिमीने गठ्ठा खाली ठेवला. पडदे लावायला शिडी लागली, खिळे लागले, मास्तरांनी धरलं, तिने ठोकलं. शेवटच्या खिडकीशी आली तेव्हा तिला लिव्हरांमध्ये एक पाय घालून उभं राहावं लागलं. पूर्वी तिथे आईचं डोकं असायचं. आता तिथे पाऊल धड ठेवायला जागा नव्हती.

ती तडक दुकानात गेली. दादा एकटाच होता. त्याच्या उजव्या तळव्यावर आडवी पट्टी चिकटवलेली होती.

"मला न विचारता?" ती म्हणाली.

"बाबांना चोर म्हटलेलं तुला नको होतं. आता म्हणणार नाहीत. मिटलं."

"आणि आपण?"

"आपण काय?"

"तेवढी एकच जागा होती रे, जिथे बोट ठेवून सांगता आलं असतं. तीही भरून टाकलीस. आता मी सांगितलं तरी कुणाला खरं वाटेल?"

दादाने पट्टीची सुटलेली कड दाबली. "चिमे, ती जागा लिव्हरांचीच होती. आपण त्यांच्या जागेत होतो."

बाहेर पडताना तिने दार मुद्दाम जोरात लोटलं, आणि काचेतून पाहिलं तर दादाची मान वर झालेली होती.

*

केबिन खुली व्हायच्या दिवशी ती आईला न्यायला गेली. दादा दुकानात होता. "आईला गाडी दाखवून आणते," असं तिने वहिनीला सांगितलं. आईला राजी करावं लागेल असं तिला वाटलं होतं, पण आई चपला घालून, शाल घेऊन, दाराशीच बसलेली होती.

"फार चालायला लावू नकोस," एवढंच ती म्हणाली.

फलाटावर गर्दी होती. केबिनच्या जिन्यापाशी रांग लागली होती. एका वेळी दहाबारा माणसं वर सोडत होते. मास्तरांनी चिमीला पाहिलं आणि "टेलरबाईंना वाट द्या, पडदे त्यांचे आहेत," असं म्हणत दोघींना पुढे घेतलं. आई एकेक पायरी चढत, मध्ये थांबत वर आली. कुणीतरी केबिनमनची खुर्ची पुढे केली. आई बसली आणि खोलीभर नजर फिरवली. छत, काचा, लिव्हर, पुन्हा काचा. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मास्तरांनी एक लिव्हर ओढून दाखवला. दूरवरचा सिग्नल खाड्कन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते भिंतीवरच्या पाटीकडे वळले आणि इतिहास सांगू लागले. वीट, भट्टी, धुकं. चोरांची ओळ खरंच गेली होती. "लाइन बंद झाल्यावर चाळीसेक वर्षं ही केबिन रिकामी..."

"रिकामी नव्हती," चिमी म्हणाली.

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पुढे होती रिकामी. पण आधी सात-आठ वर्षं आम्ही इथे राहत होतो. आईबाबा आणि आम्ही दोघं भावंडं. बाबा गँगमन होते. ते लिव्हर त्यांनी काढून ठेवले होते, खाटेसाठी. चोरले नव्हते."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की चिमीला वाटलं, एवढे दिवस आपण उगाच घाबरत होतो.

"अहो, मग एवढे दिवस बोलला नाहीत? नुसते पडदे मोजत राहिलात!" ते आईसमोर येऊन जवळजवळ गुडघ्यावर बसले. "आजी, खरंच? इथे संसार केलात तुम्ही? कसं होतं हो इथे राहणं?"

चिमीने आईकडे पाहिलं. काचांतून ऊन येत होतं. आता आई सकाळचं सांगेल, असं तिला वाटलं. ढगांची सावली सांगेल.

"वाईट," आई म्हणाली.

दोनतीन जण हसले. आई हसली नाही, म्हणून तेही थांबले.

"उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ. तिन्ही बाजूंनी काच. दिवा लावला की सगळ्या जगाला आम्ही दिसणार, म्हणून दिवा लावायचा नाही. अंधार पडायच्या आत जेवायचं आणि बसून राहायचं. कपडे बदलायचे तर खाली, या लिव्हरांच्या दांड्या उतरतात त्या खोलीत, चाचपडत. तिथे साप निघायचे." तिने शाल सारखी केली. "मुलगा जिन्याखाली पहाऱ्याला. रेल्वेचा माणूस येताना दिसला की त्याने शीळ घालायची. मग आम्ही खिडकीखाली जमिनीवर आडवं पडायचं. तो खालून दार हलवून बघायचा. कधी कधी तासभर इथेच घुटमळायचा. पोर लहान होती, ती रडली तर संपलंच. म्हणून तिला सांगितलं, हा खेळ आहे."

चिमीला तो खेळ आठवत होता. बाहेर पक्षी शीळ घालायचा, की सगळ्यांनी झटकन आडवं व्हायचं, आणि जो आधी हलेल तो हरला. ती कधीच हरली नाही. जिंकल्यावर आई तिला गुळाचा खडा द्यायची. पक्षी कोणता, हे तिने पन्नाशी उलटेपर्यंत मनाला विचारलं नव्हतं.

"मुलाची शाळा त्यात गेली," आई बोलतच होती. "अर्धे दिवस पहाऱ्यात. पुढे मोठा झाल्यावर शिकला, स्वतःच्या हिमतीवर. आमचे हे म्हणायचे, गाडी सुरू होईल. रोज म्हणायचे. मला वाटायचं, गाडी नको, पण रात्री कडी लावता येईल अशी चार भिंतींची खोली दे बाबा."

"आजी," एक बाई हळूच म्हणाली, "त्रास होत असेल तर राहू द्या."

"त्रास कसला? कुणी विचारलंच नव्हतं आजवर."

आणि आई सांगत राहिली. पाणी कुठून आणायची, चूल कुठे मांडायची, धूर दिसू नये म्हणून काय करायची. मास्तर जमिनीवरच मांडी घालून बसले होते. खाली रांग खोळंबली होती, पण वरचं कुणी हलेना. जे सगळ्यांनी ऐकावं म्हणून चिमी एवढे दिवस तळमळली, ते सगळे ऐकत होते. तिला मात्र वाटत होतं, आईने आता थांबावं. निदान एखादी सकाळ तरी सोडावी.

ती माणसांमधून वाट काढत दाराशी आली आणि जिना उतरली.

खाली रांगेत, जिन्यापासून तिसऱ्याच जागी, दादा उभा होता. अंगावर दुकानातलाच शर्ट, गळ्यात भिंग लटकलेलं. शेजारी वहिनी. वरच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आईचा आवाज स्पष्ट खाली येत होता. शब्द नीट लागत नव्हते, पण आवाज आईचा आहे हे कुणालाही कळलं असतं.

"सासूबाई केवढ्या बोलतायत!" वहिनी कौतुकाने म्हणाली. "घरी तर तोंडातून शब्द काढत नाहीत. यांना म्हटलं, चला, आपणही बघून येऊ, तर चक्क दुकान बंद करून आले."

चिमी दादाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तो खेळ नव्हता?"

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"तुझ्यासाठी होता," तो म्हणाला.

"मग मोठी झाल्यावर तरी सांगायचं होतंत."

"तू सगळीकडे सांगत सुटायचीस, आमचं घर काचेचं होतं म्हणून. कुणाकुणाला हेवा वाटायचा. आई म्हणाली, हिला तसंच वाटू दे. निदान एकीला तरी." तो थांबला. "मग ते तसंच राहून गेलं. आणि मलाही बरं पडलं, खोटं कशाला बोलू."

"कसला खेळ?" वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय बोलताय तुम्ही?"

वरून पाचसहा माणसं उतरली, रांग सरकली. वहिनीने गुडघ्यावर हात ठेवून पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं. चिमी त्यांच्या मागे रांगेत शिरली. कुणी हरकत घेतली नाही.

"सावकाश चढ," दादा म्हणाला. "आणि डोकं सांभाळ, वरचं दार ठेंगणं आहे."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तरी कधी आलात इथे?"

दादाचा पट्टी लावलेला हात कठड्यावर होता. त्याने एकदा मागे, फाटकाकडे पाहिलं. तिथून कुणी येत नव्हतं.

"राहायचो आम्ही इथे," तो म्हणाला.

वहिनी पायरीवरच थबकली आणि मागे वळली. वरून आईचा आवाज अजून येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "चला हो पुढे, किती वेळ?" पण दादा पुढे सरकला नाही. बायको काय म्हणते याची वाट बघत तो तिथेच उभा राहिला.